गुंतवलेले सुटेपर्यंत

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

बँक, पोस्ट आणि विमा सोडून माणसे पैसा आणखी कुठे ठेवतात, यावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. तेहतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाने घर, जमीन, सोने यांच्याविषयी बोलायचे म्हणजे खानावळवाल्याने घरच्या जेवणाची तारीफ करण्यासारखे. मग कळले की त्यांना सल्ला नको आहे, इतिहास हवा आहे. इतिहास सांगायला माझी हरकत नव्हती. त्याला एक घरगुती कारणही होते.

वडील गेल्यावर आम्ही त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी वर्तमानपत्राच्या घडीत तीन कागद जपून ठेवलेले होते. पहिले होते आजोबांच्या गिरगावातल्या चाळीच्या भाडेपावत्यांचे पुस्तक. दुसरी, एका सराफाची १९८८ सालची पावती. आणि तिसरे, हिरव्या नक्षीची किनार असलेले जाड कागदाचे एक प्रमाणपत्र; त्यावर लिहिले होते की अमुक गृहस्थ आठ सागाच्या झाडांचे मालक आहेत. आमच्या घराने तीन पिढ्यांत बँकेबाहेर जे काही गुंतवले, ते या तीन कागदांत मावत होते.

मराठीतला ‘गुंतवणूक’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. दोरा गुंततो, पाय गुंततो, जीव गुंततो. पैसा वाढेल असे हा शब्द कुठेच म्हणत नाही, गुंतेल एवढेच म्हणतो. आणि गुंतलेल्या गोष्टीबद्दल पहिला प्रश्न असतो तो सुटणार कशी? हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी वेळेवर विचारला नाही. तसा तो आमच्याआधी अख्ख्या मुंबईनेही विचारला नव्हता. आजोबांच्या चाळीपासून चौपाटी चालत दहा मिनिटांवर, म्हणून गोष्ट त्या समुद्रापासूनच सुरू करतो.

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरण्या चालवायच्या तर कापूस आणायचा कुठून? हिंदुस्थानातून. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबई बंदरात येऊ लागला आणि भाव असे चढले की गाद्या उसवून त्यातला जुना कापूससुद्धा विकला गेला, असे त्या काळच्या आठवणींत सांगतात. चार वर्षे मुंबईत पैशांचा पाऊस पडला. आता एवढ्या पैशांचे करायचे काय? शेतीत घालायला शेत नाही, गिरण्या तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग निघाल्या कंपन्या. बँका निघाल्या, बँकांना पैसे पुरवणाऱ्या ‘फायनान्शियल’ मंडळ्या निघाल्या आणि सगळ्यांत मोठे आकर्षण ठरल्या त्या समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या.

त्यांची राणी म्हणजे बॅक बे रिक्लेमेशन कंपनी. आज मरीन ड्राइव्ह आहे त्या बाजूच्या उथळ खाडीत भराव घालायचा, त्यावरून रेल्वे न्यायची आणि उरलेली जमीन विकायची, अशी योजना होती. कल्पना वेडगळ नव्हती. बेट लहान, माणसे वाढती, जमीन सोन्याच्या भावाने जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होते. पाच हजार रुपये भरणा झालेल्या या कंपनीच्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. लक्षात घ्या, अजून जमीन पाण्याखाली होती. लोक घेत होते तो जमिनीचा तुकडा नव्हता, तर जमीन होईल या भरवशाचा तुकडा होता. आणि तोही रोखीने नव्हे. बहुतेक व्यवहार वायद्याचे. आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढे ठरलेल्या दिवशी द्यायचे. असा एक मोठा दिवस ठरला होता १ जुलै १८६५.

या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. कापसाचे दलाल, वय तिशीच्या आसपास. त्यांच्या चिठ्ठीवर माणसाला शेअर मिळे आणि तेच शेअर तारण ठेवून बँकेचे कर्जही मिळे. बँक ऑफ बॉम्बे ही साधी पेढी नव्हती, सरकारचे तिच्यात भांडवल होते. पण १८६३च्या नव्या कायद्याने तिच्यावरची बंधने सैल केली होती आणि तिने शेअरच्या तारणावर मुक्तहस्ते कर्जे दिली. मी स्वतः कर्जखात्यात काम केले आहे, म्हणून सांगतो: ज्या वस्तूसाठी कर्ज घेतले तीच वस्तू तारण, तिची किंमत लोकांच्या उत्साहावर अवलंबून, आणि तो उत्साह टिकतोय तो कर्जे मिळताहेत म्हणून. हे वर्तुळ चालू असते तोवर बँकेचा मॅनेजर शहरातला सर्वांत लोकप्रिय माणूस असतो.

१८६५च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे देणारा कुणी उरला नव्हता. प्रत्येकजण दुसऱ्याकडून यायच्या पैशांवर अवलंबून, आणि तो दुसरा तिसऱ्याकडून. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा पाचशेचा शेअर २,८५० पर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकला गेला. दिवाळखोरांसाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. १८६८ साली बँक ऑफ बॉम्बे बुडीत निघाली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान धन्वंतरीही या लाटेत सापडले आणि त्यांना जबर फटका बसला. सर दिनशा वाच्छा तेव्हा तरुण होते; पुढे १९१० साली त्यांनी या काळाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली, ती जिज्ञासूंनी अवश्य वाचावी.

प्रेमचंदांनी तेजीच्या ऐन भरात, १८६४ साली, मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्या वर्षांतला मुंबईतला सर्वांत टिकाऊ ठरलेला पैसा म्हणजे हा दिलेला पैसा, ही मोठी गंमत आहे.

पण माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. कंपनी बुडाली, पण जो काही चिंचोळा भराव झाला होता त्यावरून रेल्वे धावू लागली. १९२०च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सरकारने स्वतः तेच काम पुन्हा हाती घेतले. खर्च अंदाजाबाहेर गेला, भराव समुद्र ओढून नेऊ लागला आणि वीर नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्या योजनेतला बराच भाग सोडून द्यावा लागला. मग तिसाव्या-चाळिसाव्या दशकांत त्या भरावावर मरीन ड्राइव्हच्या गोलाईदार इमारती उभ्या राहिल्या. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. म्हणजे १८६४ साली ‘ही जमीन सोन्याची होणार’ म्हणणारा दलाल खोटे बोलत नव्हता. त्याचे बरोबरच होते. फक्त सत्तर वर्षे आधी बरोबर होते, आणि उसने घेतलेल्या पैशाला सत्तर वर्षे थांबता येत नाही.

या धक्क्यानंतर मुंबईतल्या मध्यम ऐपतीच्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, ती कितीतरी पिढ्या टिकली. कागदावर विश्वास ठेवायचा नाही, विटेवर ठेवायचा. गिरण्या वाढल्या तशी कामगारांची, कारकुनांची गर्दी वाढली. १८९६च्या प्लेगनंतर सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढून वस्त्या मोकळ्या केल्या, तशी राहायच्या खोल्यांची मागणी आणखी वाढली. ज्याच्याकडे थोडे भांडवल त्याने चाळ बांधावी, दरमहा भाडे गोळा करावे, असा तो काळ. आज आपण ज्याला स्थावर मालमत्तेतली गुंतवणूक म्हणतो, तिचे मराठी माणसाच्या डोळ्यांसमोरचे रूप म्हणजे चाळ.

माझ्या आजोबांनी १९३६ साली अशी एक चाळ घेतली. गुहागरकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा त्यांनी भावाला देऊन टाकला, त्याचे पैसे, छापखान्यात नोकरी करून साठवलेले पैसे आणि थोडे कर्ज. वीस खोल्या, खोलीला आठ रुपये भाडे. महिन्याला एकशे साठ रुपये म्हणजे त्या वेळी चांगल्या कारकुनाच्या पगाराहून जास्त. आजोबांनी कर्ज फेडले, आजीला पाटल्या केल्या, आणि आता आपल्याला काही बघायला नको म्हणून निवांत झाले.

मग दुसरे महायुद्ध आले. भाडी भडकू नयेत म्हणून निर्बंध आले आणि १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ते पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे. त्या तारखेला आमच्या खोलीचे भाडे आठ रुपये होते. ट्रंकेतल्या पुस्तकात १९५१ची पावती आहे, आठ रुपये. १९६२ची आहे, आठ रुपये. १९७९, आठ रुपये. कर आणि उपकर तेवढा वेगळा. शाई बदलली, सही करणारा बदलला, आकडा बदलला नाही.

इथे मला न्यायाने बोलले पाहिजे, कारण चाळमालकाचा नातू म्हणून बोलणे सोपे आहे. त्या आठ रुपयांच्या खोलीत राहणाऱ्या कंपॉझिटरची, पोस्टमनची, गिरणीतल्या जॉबरची मुले शिकली ती त्या आठ रुपयांमुळे. फाळणीनंतरच्या आणि महागाईच्या दिवसांत भाड्याला लगाम नसता तर निम्मे गिरगाव रस्त्यावर आले असते. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. चूक झाली ती अशी की त्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. आठ रुपयांत मालक दुरुस्ती करीना, करू शकतही नव्हता. जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९च्या कायद्याने सरकारने उपकर लावून दुरुस्तीचे काम स्वतःकडे घेतले. मुंबईतल्या ‘उपकरप्राप्त इमारती’ हे नाव तिथून आले.

आणि बाजार काही थांबत नाही. कायद्याने भाडे गोठवले, तर किंमत पागडीतून वाहू लागली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून हजारो, पुढे लाखो रुपये घेई आणि मालकाच्या हातावर वाटा ठेवी. त्या वेळी हे बेकायदा होते आणि सर्रास होते. आजोबांनी जन्मात पागडीचा पैसा घेतला नाही. ‘कायद्यात बसत नाही’ एवढेच म्हणायचे. त्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती झाली. आमच्या चाळीतली खोली विकून एक भाडेकरू डोंबिवलीला दोन खोल्यांचा मालक झाला, आणि चाळीचे मालक असलेले आम्ही चाळीतल्याच दोन खोल्यांत राहत होतो.

गावाकडच्या भावाचे काय झाले, असे कुणी विचारील. त्याने आजोबांचा वाटा घेऊन भातखाचरे वाढवली आणि कुळांना कसायला दिली. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्याचा कृषकदिन. त्या दिवशी कसणाऱ्याची जमीन झाली. घाम गाळणाऱ्याला जमीन मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. एवढेच, की एका भावाने वीट धरली, दुसऱ्याने माती धरली, आणि दोघांचेही गणित त्यांच्या स्वभावाने किंवा हुशारीने नव्हे, तर विधिमंडळात ठरले.

आता दुसरा कागद, सराफाची पावती.

१९८८च्या पावसाळ्यात वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. शस्त्रक्रिया करायची तर आठवड्यात पैसे भरायचे होते. गिरगावात वीस खोल्यांची इमारत आमच्या नावावर, पण तिच्यावर कर्ज द्यायला कुणी तयार नाही. मी बँकेत असून मलाही ते जमण्यासारखे नव्हते, कारण भाडेकरूंनी भरलेल्या आणि महिन्याला एकशे साठ रुपये देणाऱ्या इमारतीला तारण म्हणून किंमत शून्य. घेणारा एकजण आला, त्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून वडील उठून आत गेले. शेवटी आजीने कपाट उघडले. पाटल्या, गोठ, एक बोरमाळ. सकाळी अकराला मी आणि वडील सराफाकडे गेलो, दुपारी दोनला पैसे रुग्णालयात भरले. आत्या त्यानंतर एकोणीस वर्षे जगली.

तीन तासांत सुटला तो पैसा. दहा ग्रॅमला तीन हजारांच्या आसपास भाव होता. घडणावळ गेली, तूट धरली, वजनात सराफाने थोडा हात मारलाच असणार. तरी सुटला. अर्थशास्त्रज्ञ सोन्याला मृत पैसा म्हणतात. त्या दुपारी मला तो आमच्या घरातला एकमेव जिवंत पैसा वाटला.

पण सोन्याचाही इतिहास सरळ नाही. १९३१च्या सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास असलेला सोन्याचा भाव चढू लागला आणि पुढे तिशी ओलांडून गेला. त्याच वेळी जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आलेले. सारा भरायला, सावकाराचे व्याज द्यायला शेतकऱ्यांनी घरातले सोने बाहेर काढले. ते खेड्यातून सराफाकडे, तिथून मुंबईच्या पेढ्यांवर आणि बोटीने लंडनला गेले. ही निर्यात बंद करा, अशी मागणी आपल्या पुढाऱ्यांनी केली. सरकारने केली नाही. कागदावर पाहिले तर विकणाऱ्यांना चांगला भाव मिळाला. पण हे अडीनडीचे सोने होते. ज्यांच्या अंगावरून ते उतरले त्यांच्याकडे ते पुन्हा किती आले असेल?

दुसरा धक्का चीनच्या आक्रमणानंतरचा. १९६३च्या जानेवारीत मोरारजी देसाईंचा सुवर्णनियंत्रणाचा नियम आला. चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. दागिना नसलेले सोने सरकारला जाहीर करायचे. सोन्याची तस्करी थांबावी आणि परकी चलन वाचावे हा हेतू. तस्करी थांबली नाहीच, हजारो सोनार मात्र बेकार झाले, काहींनी जीव दिला. याच आत्याचे लग्न त्या वर्षीचे. चौदा कॅरटच्या बांगड्या लेकीच्या हातात घालायच्या नाहीत म्हणून आजीने आपल्या सहा पाटल्यांतल्या दोन न मोडता जशाच्या तशा तिला दिल्या. चौदा कॅरटची अट १९६६ साली गेली. १९६८ साली कायदाच झाला आणि तो रद्द झाला १९९०मध्ये. पुढच्याच वर्षी, १९९१च्या परकी चलनाच्या टंचाईत, रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवून त्यावर कर्ज उभारले. घरातल्या सोन्याला नावे ठेवणाऱ्या सरकारलाही वेळ आली तेव्हा कपाटच उघडावे लागले.

अलीकडच्या सोन्याच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. २००७ पासून शेअरबाजारात सोन्याचे युनिट मिळू लागले. २०१५ साली सरकारने सुवर्णरोखे आणले, वर व्याजही दिले. ज्यांनी सुरुवातीला घेतले त्यांचे भले झाले, सरकारला ते महाग पडले. शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४मध्ये निघाली.

चित्रे, जुनी नाणी, पोथ्या यांतही पैसा घालणारे असतात. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे २००१ साली दिल्लीकडे फारसा गाजावाजा न होता वारले, आणि २०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. मात्र लिलाव हा एका दिवसाचा खेळ असतो. २००८च्या मंदीनंतर चित्रांत पैसे घातलेल्या फंडांना ते परत करताना नाकी नऊ आले. राजा रविवर्म्याचे मूळ चित्र तुमच्याकडे असेल तर ते तुम्हाला देशाबाहेर विकता येत नाही, १९७२चा कायदा आडवा येतो. योग्यच आहे तो. पण घेणाऱ्याने आधी माहीत करून घ्यावा.

आता तिसरा कागद. हा मला सांगताना अजून संकोच वाटतो.

१९९३ साली वडील निवृत्त झाले. त्या काळात वर्तमानपत्रांचे पानच्या पान सागाच्या जाहिरातींनी हिरवे असे. एक झाड घ्या, वीस वर्षांनी त्याचे लाकूड तुमचे. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातले दहा हजार रुपये भरून आठ झाडे घेतली. वीस वर्षांनी प्रत्येकी पन्नास हजार म्हणजे दहा हजारांचे चार लाख. मी घरात हिशेब केला. हे वर्षाला वीस टक्के चक्रवाढ व्याज झाले. मी म्हटले, ‘भाऊ, बँक अकरा-बारा टक्के देते, ही मंडळी वीस कुठून देणार?’ त्यावर वडील म्हणाले, ‘तू बँकवाला, तुला बाराच्या पुढे दिसतच नाही. झाड काय तुझ्या रिझर्व्ह बँकेला विचारून वाढतं?’ मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर वीस वर्षांनी चार लाख येतील की काय असे मलाही क्षणभर वाटले.

झाड कुणाला विचारून वाढत नाही हे खरे, पण घाईही करत नाही. केरळात निलांबूरला कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी १८४०च्या दशकात सागाची लागवड केली, त्यातली झाडे अजून उभी आहेत. वनखाते सागाचा विचार पन्नास-साठ वर्षांच्या हिशेबाने करते. वीस वर्षांचा साग खांबाला बरा, पन्नास हजारांच्या फळ्या त्यातून निघत नाहीत. शिवाय तो तोडायला परवानगी आणि वाहून न्यायला पास लागतो. हे सगळे छापील पत्रकात नव्हते. मालकीचे प्रमाणपत्र होते, पण ते झाडाचे, जमिनीचे नव्हे. झाड आपले आणि त्याची मुळे दुसऱ्याच्या जमिनीत, असा तो व्यवहार.

१९९७च्या डिसेंबरात कंपनीची पत्रे येईनाशी झाली तेव्हा आम्ही दोघे एसटीने कर्जतच्या पुढे त्या जागेवर गेलो. उतारावर गंजलेला फलक होता. खाली गुडघाभर वाढलेली, गुरांनी खाल्लेली रोपे. वडिलांनी खिशातून प्रमाणपत्र काढून राखणदाराला विचारले, ‘आमचे नंबर कुठल्या रांगेत येतात?’ तो बिचारा ओशाळून म्हणाला, ‘झाडाला कसला आलाय नंबर, बाबा? मलाच चार महिने पगार नाही.’ येताना मी तलाठ्याकडे सातबारा पाहिला. त्यावर कंपनीचे नावच नव्हते, तिसऱ्याच माणसाचे होते. परतीच्या गाडीत वडील एक शब्द बोलले नाहीत.

अशा शेकडो कंपन्या त्या वेळी होत्या. १९९७ साली सरकारने हा प्रकार सेबीच्या अखत्यारीत आणायचे ठरवले आणि १९९९च्या ऑक्टोबरात सामूहिक गुंतवणुकीचे नियम आले. तोवर बहुतेकांच्या कचेऱ्यांना कुलपे लागली होती. पुढे सागाच्या जागी इमू आले, शेळ्या आल्या. पत्रक तेच राहिले.

चाळीचे तेवढे सांगून टाकतो. १९९७च्या डिसेंबरातच सर्वोच्च न्यायालयाने, गोठवलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत, असे मत दिले. त्यानंतर १९९९चा नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. पागडी कायदेशीर झाली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आठ रुपयांवर चार टक्के म्हणजे बत्तीस पैसे! तोवर आजोबा नव्हते. पुढे चाळ पुनर्विकासाला दिली. नऊ वारसांच्या सह्या गोळा करायला तीन वर्षे लागली. त्यातला एक न्यू जर्सीत, एक कुणाशी बोलत नसलेला. भाडेकरूंना मोफत घरे मिळाली, वारसांत वाटणी होऊन आमच्या वाट्याला आले त्यात माझ्या मुलीचे शिक्षण झाले.

आता २०१४च्या नियमांनी ‘रीट’ नावाचा प्रकार आला आहे. पहिले रीट २०१९ साली शेअरबाजारात आले. मोठ्या कचेऱ्यांच्या इमारतींत हजारो लोकांनी मिळून भाग घ्यायचा, भाडे वाटून घ्यायचे. आठ-दहा टक्के मिळतील की नाही ते मी सांगणार नाही. बँकवाल्याच्या नजरेने त्यातल्या दोन अटी मला महत्त्वाच्या वाटल्या: किमान ऐंशी टक्के पैसा बांधून पुऱ्या झालेल्या, भाडे देणाऱ्या इमारतींतच असला पाहिजे, आणि वाटण्याजोग्या रकमेतले नव्वद टक्के वाटलेच पाहिजेत. बॅक बेच्या भागधारकांकडे यातले काहीच नव्हते. त्यांची इमारत पाण्याखाली होती. भाव मात्र इथेही रोज वरखाली होतो, आणि इमारत रिकामी पडली तर भाडेही आटते. दुसरीकडे २०१२च्या नियमांखालचे पर्यायी गुंतवणूक निधी आहेत. तिथे सर्वसाधारणपणे एक कोटी रुपयांखाली प्रवेशच नाही. म्हणजे बुडाले तरी सोसेल अशांनीच यावे, हे नियम करणाऱ्यांनी सभ्य भाषेत सांगितले आहे.

वडिलांच्या प्रमाणपत्राची मुदत २०१३ साली संपली. ते तोवर राहिले नव्हते. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी एकटाच पुन्हा कर्जतच्या पुढे गेलो. जायला काही कारण नव्हते. उतार ओळखू आला. झाडे नव्हती, गंजलेला फलकही नव्हता. त्या जागी मोठा रंगीत फलक होता: डोंगराच्या कुशीत एनए प्लॉट, सुलभ हप्ते, दहा वर्षांत पाचपट. मंडपात टाय लावलेला एक मुलगा बसला होता. त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिले आणि जाड कागदाचे, हिरव्या नक्षीचे एक पत्रक हातात ठेवले.

मी विचारले, ‘सातबारा दाखवता का?’

तो हसून म्हणाला, ‘काका, आधी साइट तर बघून घ्या.’